एमबीएल असताना टेलोमिअर आखूड आले, तर काळजी करावी का?

तुमच्या वडिलांना एमबीएल निघालंय, म्हणजे रक्तात एकाच बी-पेशीच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) नकला वाढल्यात, पण तो अजून कर्करोग नाही. खासगी टेस्टमध्ये टेलोमिअर 'वयाच्या मानाने फार आखूड' आले आणि आता ते लांब करणाऱ्या गोळ्या द्याव्यात का, असं तुम्ही विचारताय.

नका देऊ. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करतो, असे रिपोर्ट घेऊन घाबरलेली माणसं पाहिली आहेत.

गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवलेली असतात, तोच टेलोमिअर. पेशी दुभंगली की तो थोडा झिजतो. एमबीएलमध्ये एकाच बी-पेशीची पिल्लावळ वाढलेली असते, भरपूर वेळा दुभंगलेली. टेस्ट मात्र रक्तातल्या सगळ्या पांढऱ्या पेशींची सरासरी काढते. म्हणजे तो आकडा वडिलांच्या झिजेचा नसून त्या पिल्लावळीचा असू शकतो.

आता गोळ्यांबद्दल. जन्मतःच लांब टेलोमिअर लाभलेल्यांना सीएलएलचा, म्हणजे एमबीएलच्या पुढच्या पायरीवरच्या रक्ताच्या कर्करोगाचा, धोका जास्त असतो, हे आनुवंशिक अभ्यासांत दिसलंय. उलटंच वाटतं ना? पण टोक लांब म्हणजे पेशीला दुभंगत राहायला जास्त मुदत, आणि त्या मुदतीत चुका साठायलाही वाव. टोकांवर झाकण ठेवणारं पॉट१ हे जनुक बिघडलेल्या काही घराण्यांत सीएलएल पिढ्यान्‌पिढ्या दिसतो.

रोग जडला की मात्र आखूडपणा नडतो. उघडी पडलेली टोकं एकमेकांना चिकटतात, पुढच्या विभाजनात गुणसूत्रं तुटतात, आणि असा सीएलएल सहसा लवकर उपचार मागतो. पण हे बहुतेक आयजीएचव्हीत (बी-पेशीच्या अँटिबॉडीच्या जनुकात) म्युटेशन नसलेल्या किंवा १७पी (१७व्या गुणसूत्राचा आखूड भाग) गळालेल्या रोगात दिसतं. उपचार सुरू करण्याआधी डॉक्टर थेट त्याच दोन गोष्टी बघतात, टेलोमिअर मोजत बसत नाहीत.

वडिलांच्या फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशी ओळखून मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये क्लोनल, म्हणजे त्या एकाच पिल्लावळीच्या, बी-पेशींचा आकडा शोधा. मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली असेल तर पुढे काही होणं फार दुर्मीळ. ५०० ते ५००० मध्ये असेल तर वर्षाला शंभरात एखाद-दोघांना उपचार लागतात. ५००० किंवा जास्त, आणि तीन महिने टिकून, मग त्याला सीएलएल म्हणतात. तोवर ठरल्या वेळी सीबीसी, मानेत-काखेत गाठी लागतात का तेवढं बघणं, आणि लसी वेळेवर, कारण एमबीएलमध्येही जंतुसंसर्ग जरा जास्त होतात.