कंबरदुखीला नेमका कोणता व्यायाम चांगला?

"कोणी म्हणतं योगा करा, कोणी पोहायला जा, भाऊजी म्हणतात जिम लाव. मॅडम, नक्की काय करू? चुकीचं काही केलं आणि मणका सरकला तर?"

पंचवटीत ब्लाउज शिवून देणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. (ओळखीचे तपशील बदललेत.) कंबर सहा महिने दुखत होती. डॉक्टरांनी तपासलं होतं, काळजीचं काही नव्हतं. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवलेला होता आणि व्यायाम शून्य. "आळशीच आहे मी," असं त्या स्वतःच म्हणाल्या.

दिवसभर मशीन मारून वर घरचं सगळं उरकणारी बाई आळशी? मला काही पटेना. व्यायाम कुठे करता, कधी करता, असं विचारत गेले तेव्हा हळूहळू निघालं. घर दोन खोल्यांचं, बाहेरच्या खोलीत सासरे टीव्हीपुढे. कागदावरचे सगळे व्यायाम आडवं पडून करायचे. सासऱ्यांसमोर सतरंजीवर पडून कंबर वर उचलायची? "नाही हो जमत." एवढं सांगायलाही त्यांना बराच वेळ लागला.

भीतीचं वेगळंच. जरा कळ आली की आत काही बिघडलं असं त्यांना वाटे. तपासणीत काही गंभीर निघालेलं नसेल, तर हालचालीने थोडं दुखणं म्हणजे इजा नव्हे. मणकाही असा सहजी सरकत नाही. पायातलं बळ जाणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काही झालं तर मात्र व्यायाम राहू द्या, तडक दवाखाना गाठा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आहेच. पण अमुक एकच प्रकार सगळ्यांना लागू पडतो, असं काही सिद्ध झालेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरचा, २०२४ला 'लॅन्सेट'मध्ये आलेला अभ्यास तर चालण्याचाच होता. हे सगळे नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू चालणं वाढवणाऱ्यांचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी उलटलं, इतरांचं ११२.

म्हणून मी विचारलं, तुम्हाला काय आवडतं? त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "शेजारणीबरोबर पहाटे गोदाघाटावर चालायला!" मग तेच ठरलं. फिजिओथेरपिस्टनेही ओट्याला धरून, भिंतीला टेकून, उभ्यानेच करायचे व्यायाम नव्याने लिहून दिले. ते कुकरच्या शिट्ट्या होईतो उरकतात. कंबर अधूनमधून दुखते, पण चालणं सुटलेलं नाही. सतरंजीचं नाव त्यांनी अजून काढलेलं नाही, आणि मीही काढत नाही.