फोल्डर हरवलं नाही, यादीतून उतरलंय

प्रश्न : आमच्या आंबा विक्री कार्यालयाचा मेल सर्व्हर स्वतःचा आहे. गेल्या आठवड्यात कुरिअर आयमॅप हा सर्व्हर प्रोग्राम सोडून डव्हकॉट हा दुसरा घेतला, मेलडिर (मेल साठवणारी डिरेक्टरी) जशीच्या तशी कॉपी केली. आता संगणकावरच्या थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये नुसता इनबॉक्स दिसतो. 'निर्यात', 'पेटीभाडं', 'पावत्या' गायब. मोबाइलवर मात्र सगळं दिसतं. मेल गेले का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : नाही, मेल जागेवर आहेत, मोबाइलवर दिसतात हाच पुरावा. आयमॅप म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत. अशा सर्व्हरकडे दोन याद्या असतात. एक असलेल्या सगळ्या फोल्डरांची, दुसरी त्यांतल्या सबस्क्राइब केलेल्यांची, म्हणजे दाखवायची म्हणून खूण केलेल्यांची. थंडरबर्ड मुळात दुसरी यादी दाखवतो, तुमचं मोबाइल अ‍ॅप पहिली. म्हणून कृपा करून मिळत्याजुळत्या नावाची नवी फोल्डरं उघडू नका. ऐन हंगामात निम्म्या पावत्या इथे, निम्म्या तिथे होतील.

कुरिअर ही सबस्क्राइब केलेल्यांची यादी मेलडिरमध्ये 'कुरिअरआयमॅपसबस्क्राइब्ड' या फाइलीत ठेवतो. डव्हकॉट तिथेच 'सबस्क्रिप्शन्स' नावाची फाइल शोधतो, जुनीकडे बघतही नाही. नुसतं नाव बदलूनही भागत नाही. कुरिअरच्या ओळीत 'इनबॉक्स.पावत्या' असं असतं, डव्हकॉटला नुसतं 'पावत्या' लागतं. जुन्या फाइलीची 'सबस्क्रिप्शन्स' नावाने प्रत काढा आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचं 'इनबॉक्स' व टिंब तेवढं उडवा. देवनागरी नावं तिथे 'अँड'च्या चिन्हाने सुरू होणाऱ्या, आडव्या रेघेने संपणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसतील. ते आयमॅपचं जुनं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत आहे, बिघाड नव्हे. त्याला हात लावू नका. खाती बरीच असतील तर डव्हकॉटची कुरिअरसाठीची स्थलांतर स्क्रिप्ट वापरा. ती मेलांचे यूआयडीही (सर्व्हरवरचे ओळख क्रमांक) राखते, त्यामुळे सगळे मेल पुन्हा उतरत बसत नाहीत.

एवढं करूनही खूण टिकत नसेल, म्हणजे सबस्क्राइब केलं आणि पुन्हा उघडल्यावर गेलं, तर फाइलीचा मालक तपासा. रूट, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी, म्हणून कॉपी केली की मालकही रूटच होतो. डव्हकॉट आधी त्याच डिरेक्टरीत 'सबस्क्रिप्शन्स.लॉक' लिहितो आणि मग तिचं नाव बदलतो. म्हणजे फाइलीइतकीच डिरेक्टरीचीही परवानगी हवी. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, 'परमिशन डिनाइड' दिसलं की नेमकं हेच.

शेवटी 'डव्हअ‍ॅडम मेलबॉक्स लिस्ट' ही सर्व्हरवरची आज्ञा एकदा साधी आणि एकदा एसचा (फक्त सबस्क्राइब केलेली दाखवणारा) पर्याय लावून चालवा. पहिल्या यादीत आहे पण दुसरीत नाही, तेवढंच सबस्क्राइब करायचं उरलंय.

प्रश्न : होमस्टेच्या एकाच मेल खात्यावर आम्ही तिघं काम करतो. एकाने 'जुनी बुकिंग' या फोल्डरावरची सबस्क्राइबची खूण काढली, ते तिघांकडूनही गेलं. उलट, कधीच पुसलेलं एक फोल्डर यादीत अजून दिसतं.
– एक वाचक, मालवण

उत्तर : सबस्क्रिप्शन संगणकाचं नसतं, खात्याचं असतं, ते सर्व्हरवर राहतं. तिघांच्याही थंडरबर्डमध्ये सर्व्हर सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्स्डमधली 'फक्त सबस्क्राइब केलेली फोल्डरं दाखवा' ही खूण काढा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करा. पुसलेल्या फोल्डराचं नाव सर्व्हरने आपणहून यादीतून काढायचं नाही, असा आयमॅपचा नियमच आहे. ते तुम्हीच अनसबस्क्राइब करा.