झोपेचं निमित्त करून न्या, पण न्या

प्रश्न : ताई नमस्कार, मी घणसोलीला राहते. माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, तुर्भ्याला एका कंपनीत सुपरवायझर. दरवर्षी गणपतीचं मखर रात्र रात्र जागून स्वतः करायचे, यंदा म्हणाले रेडिमेड आण, आणि आरतीला पण आतल्या खोलीतच बसून राहिले. तेव्हापासून असंच चाललंय. पहाटे तीन-साडेतीनला उठून गॅलरीत बसतात, डबा अर्धा परत येतो, मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला तरी अंगावर धावून जातात. रडत वगैरे नाहीत, कामावर पण रोज जातात. डॉक्टरचं नाव काढलं की "मी काय वेडा आहे का" म्हणतात. सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीय. हे डिप्रेशन असेल का? आणि यांना न्यायचं कसं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर ते मखर. माणूस कामावर जातो, पगार आणतो, म्हणून ठीक आहे असं आपण धरून चालतो, पण जी गोष्ट तो कुणी न सांगता, स्वतःच्या आनंदासाठी करायचा तीच नकोशी झाली ना, तर ते आळस म्हणून सोडून द्यायचं नसतं. डॉक्टर डिप्रेशन बघताना मुख्य दोनच गोष्टी आधी बघतात, मन सतत उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, आणि हे दोन आठवडे जवळपास रोज, दिवसातला बराच वेळ. त्याच्या जोडीला झोप बिघडणं, भूक जाणं, थकवा, लक्ष न लागणं, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटणं, मरणाचे विचार. पुरुषांमध्ये बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडचिड दिसते, काहींचं पिणं वाढतं, आणि घरचे म्हणतात स्वभावच तापट झालाय. पत्रावरून मी निदान करणार नाही, पण आता थांबू नका एवढं नक्की सांगते.

न्यायचं कसं, तर डिप्रेशन आहे की नाही यावर वाद घालूच नका, तो वाद तुम्ही जिंकणार नाही. "तुमची झोप होत नाहीये, डबा परत येतोय, एकदा दाखवून येऊ" एवढंच म्हणा. मनासाठी नाही म्हणणारा माणूस झोपेसाठी बरेचदा तयार होतो आणि यात फसवणूक काही नाही, झोप खरंच गेलीये. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे न्या, त्यांना आधी तुम्ही एकट्या भेटून किंवा फोनवर सगळं सांगून ठेवा, मखराचं पण सांगा. ते थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, शुगर तपासायला सांगतील, कारण यांच्या गडबडीने पण असाच थकवा आणि उदासी येते. पुढे सायकियाट्रिस्टकडे जा असं त्या डॉक्टरनेच सांगितलं तर मिस्टर जास्त ऐकतील.

खर्चाचं टेन्शन असेल तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९०१ पासूनचं. आपल्याकडे "ठाण्याला पाठवा" असं टोमण्यासारखं म्हणतात त्याचा मला मनापासून राग येतो, कारण तिथे ओपीडीत कितीतरी नोकरी-धंदा करणारी माणसं येतात, दाखवतात, गोळ्या घेतात आणि त्याच दिवशी घरी जातात. वाशीला महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये पण चौकशी करा. आणि आजच्या आज करता येईल असं म्हणजे टेली-मानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासावर सल्ला देणारा सरकारी नंबर, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि पेशंटच पाहिजे असं नाही, तुम्ही स्वतः लावू शकता.

एक प्रश्न मात्र तुम्हालाच विचारावा लागेल. दोघंच असताना शांतपणे विचारा, "जगणं नको असं कधी वाटतं का तुम्हाला?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो ही भीती चुकीची आहे, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या, फिनेल, उंदराचं औषध हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर काढू दे, त्यांचा पण जीव तुटतोय. फक्त त्यापायी अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, वर्तकनगर, ठाणे. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिलीये, दहा दिवस झाले, फरक शून्य आणि मळमळ होते. आई म्हणते सवय लागेल, बंद कर. करू का?

उत्तर : नको रे. या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात आणि मळमळ, पोट बिघडणं हे मात्र आधी येतं, म्हणून नेमकं याच टप्प्यावर लोक सोडून देतात. मळमळ बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत कमी होते, डॉक्टरांना फोन करून विचार, जेवणानंतर घेतली तर चालेल का ते. पण बेचैनी खूप वाढली किंवा मरणाचे विचार यायला लागले तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, लगेच कळव. आईला सांग, डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते ते खरं आहे, तुला तशी एखादी जोडीला दिली असेल तर किती दिवस घ्यायची ते स्पष्ट विचारून घे. बरं वाटल्यावर पण साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात, नाहीतर दुखणं उलटतं, आणि बंद करायची वेळ आली की डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. एकदम सोडली तर चक्कर, अस्वस्थपणा येतो. पुढच्या वेळी आईला सोबतच घेऊन जा, तिच्या शंका तिला डॉक्टरांनाच विचारू दे.