खुर्ची भिंतीला टेकवून ठेव

प्रिय पोरी,

सोमवारपासून मोबाईलवर ज्येष्ठांचा व्यायामवर्ग सुरू करतेयस, वाचून फार बरं वाटलं. जुलै-ऑगस्टचा पाऊस लागला की रंकाळ्याची फेरी बंद पडते आणि म्हातारी माणसं घरात बसून राहतात. त्यांना तुझा आधार होईल.

"साखर बॉर्डरवर आहे" म्हणून जे येतील त्यांना घाबरवू नकोस. उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४, इथून मागे फिरता येतं. अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या अभ्यासात आहार सांभाळून, वजन थोडं उतरवून आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करून मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. पण तिथं प्रत्येकाशी समोर बसून बोलणारं माणूस होतं. तुझ्या हातात फक्त पडदा आहे.

म्हणून पहिला आठवडा व्यायाम कमी घे, घर जास्त बघ. पाय दिसतात का, पायाखाली पायपुसणं आहे का, खुर्ची कसली आहे. माझ्या वर्गातल्या एक आजी प्लास्टिकच्या खुर्चीतून उठताना घसरल्या. मला पडद्यावर नुसता चेहरा दिसत होता. मनगट मोडलं त्यांचं. ती चूक माझी होती. तेव्हापासून सगळ्यांच्या खुर्च्या भिंतीला टेकल्याशिवाय मी वर्ग सुरू करत नाही.

मग त्याच खुर्चीतून हात न टेकता उठ-बस. मांडीचे मोठे स्नायू राबले की इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि वयाबरोबर झिजतात तेही हेच. त्यामुळे नुसतं चालणं पुरत नाही. दोन दिवस ताकदीचे ठेव, तीन दिवस ओट्याला धरून तोल सांभाळण्याचे. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं, हे रोज सांग.

पेठेतले एखादे काका येतील, तरुणपणी तालमीत बैठका मारलेले. दहावर थांबा म्हटलं की त्यांना कमीपणा वाटेल. त्यांचा मान राख, मोजणी त्यांच्याकडे दे. मोठ्यानं मोजणारा माणूस श्वास कोंडून धरत नाही, रक्तदाबही उगाच चढत नाही.

सोमवारी वर्ग आटोपला की फोन कर. कुणाकुणाचे पाय दिसले नाहीत, ते आधी सांग.

तुझी,
मॅडम