१६५ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी नवा लॅपटॉप ईएमआयवर घ्यावा का?

प्रश्न : मी नाशिकमध्ये स्वतंत्रपणे इंटिरिअर डिझाइनची कामे घेते. उत्पन्न अनियमित असले तरी सरासरी महिना ६२,००० रुपये पडते, घरखर्च ३८,००० आणि एसआयपी ६,००० रुपयांची आहे. अडीअडचणीसाठी १,२०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. गेल्या आठवड्यात २१,००० रुपयांना २७ इंची, २५६० × १४४० रेझोल्यूशनचा, १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. पण माझ्या २०१८ च्या लॅपटॉपला (आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही) एचडीएमआयने जोडल्यावर तो ६० हर्ट्झवरच चालतो. दुकानदार म्हणतो, लॅपटॉप बदलावा लागेल. १,१५,००० रुपयांचा लॅपटॉप बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतो आहे आणि करातही सूट मिळेल असे तो सांगतो. तेवढे वर्ष एसआयपी थांबवून लॅपटॉप घ्यावा का?

उत्तर : घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी घेऊ नका. तुमचा प्रश्न पैशांचा दिसत असला तरी त्याचे निम्मे उत्तर लॅपटॉपच्या कडेला असलेल्या पोर्टमध्ये आहे, आणि ते तपासण्याआधी ईएमआय ठरवणे म्हणजे निदान होण्याआधीच शस्त्रक्रियेची तारीख घेण्यासारखे आहे.

तुमच्या मॉनिटरवर सुमारे ३६.८६ लाख पिक्सेल आहेत आणि प्रत्येकाच्या रंगासाठी २४ बिट लागतात. हे चित्र सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ६० हर्ट्झने, पाठवायचे तर केबलमधून सुमारे ५.३ गिगाबिट माहिती जावी लागते, १६५ वेळा पाठवायचे तर सुमारे १४.६ गिगाबिट, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडी अधिकच. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्ससाठी इंटेलने एचडीएमआयची आवृत्ती १.४ नोंदवली आहे, आणि ती चित्रासाठी सेकंदाला ८.१६ गिगाबिटच देऊ शकते. म्हणजे अडथळा मॉनिटरमध्ये नाही आणि ग्राफिक्स कार्ड नसण्यातही नाही; तो या वाटेच्या रुंदीत आहे. म्हणूनच कोणी ‘एचडीएमआय २.१’ असे छापलेली महागडी केबल पुढे केली तर तीही घेऊ नका, कारण पोर्ट जुनेच राहणार असेल तर केबल बदलून काहीही साधत नाही.

त्याच प्रोसेसरची डिस्प्लेपोर्टची (चित्र बाहेर पाठवण्याची एचडीएमआयसारखीच दुसरी जोडणी) वाट मात्र बरीच रुंद आहे. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून १७.२८ गिगाबिट जातात आणि तुमच्या मॉनिटरचे १६५ हर्ट्झ त्यात बसतात. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल, तर त्यातून चित्र बाहेर येते का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या मॉडेलच्या तपशिलात पाहा. ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ असा उल्लेख तिथे हवा. काही लॅपटॉपांवर पोर्टशेजारी इंग्रजी ‘डी’ आणि ‘पी’ या अक्षरांची खूणही असते, पण तपशील वाचणे अधिक भरवशाचे. ही सोय असेल तर टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी साधी केबल हजार-दीड हजारांच्या आसपास मिळते. ती थेट लावा. अनेक पोर्टांचा हब मध्ये घातला तर बऱ्याच हबमध्ये यूएसबीसाठी निम्म्या वाहिन्या खर्च होतात आणि रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झचा आकडा, पुन्हा खाली येतो. केबल लावल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले येथे जाऊन १६५ हा आकडा स्वतः निवडावा लागतो, कारण विंडोज पुष्कळदा ६० वरच थांबलेले असते. (हे पान आताही एकदा उघडून पाहा; एचडीएमआयवरसुद्धा तिथे ७५ चा पर्याय दिसण्याची शक्यता आहे.)

टाइप-सीमधून चित्र येत नसेल, तर मॉनिटर परत करण्याची मुदत शिल्लक आहे का, हे आजच पाहावे. तुमच्या कामात प्लॅन, रंगसंगती आणि थ्रीडी रेंडर (संगणकाने तयार केलेली खोलीची हुबेहूब चित्रे) येतात. रिफ्रेश रेट वाढल्याने माउस आणि स्क्रोलिंग अधिक सफाईदार वाटते, परंतु रेंडर लवकर होत नाही आणि लॅमिनेटचा रंग ग्राहकाला अधिक अचूकही दिसत नाही. त्याच पैशांत ७५ किंवा १०० हर्ट्झचा पण रंगांच्या बाबतीत सरस मॉनिटर तुम्हाला अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

आता ईएमआयकडे येऊ. बिनव्याजी हप्ता अशी वस्तू प्रत्यक्षात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. विक्रेता व्याजाएवढी सवलत देतो आणि बँक ते व्याज हप्त्यांतून वसूल करते. बँकेचा दर वर्षाला १५ टक्के धरला, तर ९,५८३ रुपयांच्या बारा हप्त्यांत सुमारे ८,८०० रुपये व्याज असते आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १,५९० रुपये, तुमच्याच क्रेडिट कार्डावर लागतो. प्रोसेसिंग फी वेगळी. ही रक्कम फार मोठी नाही, हे मी मान्य करतो. मला काळजी आहे ती हप्त्याच्या ठरलेल्या तारखेची. ग्राहकाचे पैसे दोन महिने लांबले आणि कार्डाची पूर्ण रक्कम भरता आली नाही, तर थकबाकीवर महिन्याला तीन ते साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज चढते, आणि तुमची गंगाजळी आजच जेमतेम तीन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. अनियमित उत्पन्नाला ती सहा महिन्यांची, म्हणजे २,२८,००० रुपयांची हवी. तेव्हा एसआयपी चालू ठेवा आणि महिन्याअखेर जे उरेल, ते आधी या गंगाजळीत टाका.

कराचे म्हणाल तर दुकानदाराचे बोलणे अर्धवट आहे. तुम्ही व्यावसायिकांसाठीच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेखाली विवरणपत्र भरत असाल, तर जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते आणि घसारा (वस्तू जुनी होत गेल्याने दरवर्षी घटणारी किंमत) त्यातच वजा झाल्याचे मानले जाते. लॅपटॉप घेतल्याने कर एका रुपयानेही कमी होणार नाही. हिशेबाची पुस्तके ठेवत असाल तर संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, परंतु त्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच.

लॅपटॉप आठ वर्षांच्या घरात आला आहे आणि कधीतरी तो बदलावा लागेलच, हे खरे आहे. पण त्याचे कारण रेंडरला लागणारा वेळ हे असावे. पुढचे तीन महिने प्रत्येक कामात रेंडरसाठी किती तास गेले आणि त्यापायी एखादे काम लांबले किंवा हातचे गेले का, याची नोंद ठेवा. रॅम ८ जीबी असेल आणि वाढवता येत असेल, तर आधी ती वाढवून पाहा. त्यानंतरही कामे अडत असतील, तर गंगाजळीला हात न लावता आवर्ती ठेवीत दरमहा ८,००० रुपये बाजूला टाका. साधारण चौदा महिन्यांत रोखीने लॅपटॉप घेता येईल, आणि त्या वेळी रोख रकमेवर किती सूट मिळते, हे दोन-तीन दुकानांत विचारूनच घ्या.