अ‍ॅटम एन२७० च्या जुन्या नेटबुकसाठी लिनक्स कर्नल कंपाइल करताना ‘प्रोसेसर फॅमिली’मध्ये काय निवडावे?

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: दारव्हा तालुक्यातील तुमच्या शाळेत अ‍ॅटम एन२७० प्रोसेसरची आणि १ जीबी रॅमची काही नेटबुके आहेत, त्यांवर डेबियन १२ चालते पण फार संथ चालते, आणि स्वतः कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल करताना, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करताना, ‘प्रोसेसर फॅमिली’च्या यादीत कोणता पर्याय निवडला म्हणजे वेग वाढेल, हे तुम्हाला हवे आहे. आर्वीकडच्या खेड्यांतील शाळांचे आणि सेवा केंद्रांचे संगणक मी पाहतो आणि अशा नेटबुकांवर हे काम केलेले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आज्ञा आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावी लागतील.

थेट उत्तर हे की यादीत ‘इंटेल अ‍ॅटम’ निवडा, पण त्या एका निवडीने वेग वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. कर्नलच्या स्वतःच्या कोडमध्ये दशांश गणिताच्या आणि एसएसईच्या (एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या) इन्स्ट्रक्शन जवळपास वापरल्याच जात नाहीत. कंपायलरला तसे मुद्दाम बजावलेले असते, कारण त्या वापरल्या तर प्रत्येक वेळी कर्नलमध्ये शिरताना त्यांचे मोठे रजिस्टर (प्रोसेसरमधील साठवणीचे कप्पे) जपून ठेवण्याचा खर्च पडला असता. त्यामुळे सर्वसाधारण ६८६ (पेंटियम प्रोपासूनची ३२ बिट पिढी) आणि अ‍ॅटम यांत उरणारा फरक मुख्यतः इन्स्ट्रक्शनच्या मांडणीचा असतो. एन२७० हा २००८ सालचा, इन्स्ट्रक्शन आल्या त्याच क्रमाने चालवणारा प्रोसेसर असल्यामुळे त्या मांडणीचा त्याला थोडा लाभ होतो, इतकेच. ब्राउझर आणि लिबरऑफिस तर डेबियनने आधीच ६८६ साठी तयार करून ठेवलेले असतात. तुम्ही कर्नलमध्ये काहीही निवडले तरी त्यांच्यात काडीचाही बदल होत नाही.

मग ही यादी आहे कशासाठी? तयार झालेले कर्नल कोणत्या यंत्रावर सुरूच होणार नाही, हे मुख्यतः तिथे ठरते. निवडलेल्या प्रोसेसरपेक्षा जुन्या यंत्रावर कर्नल चालेलच अशी खात्री नाही, हे त्या पर्यायाच्या मदतीच्या मजकुरातच लिहिलेले आहे. अ‍ॅटम निवडल्यावर कंपायलरला मूव्हबीई ही इन्स्ट्रक्शन वापरण्याची मुभा मिळते. एन२७० ला ती येते, पेंटियम ४ ला येत नाही. शाळेच्या कोपऱ्यात पेंटियम ४ चे डेस्कटॉप असतील आणि तेच पॅकेज त्यांवरही टाकायचे असेल, तर ‘पेंटियम प्रो’ निवडून खाली ‘जेनेरिक एक्स८६ सपोर्ट’ चालू करा. फक्त नेटबुके असतील तर अ‍ॅटमच ठेवा.

त्याआधी प्रत्येक नेटबुकवर ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ उघडून फ्लॅग्जची ओळ वाचा. ‘एलएम’ हा फ्लॅग असेल तर तो प्रोसेसर ६४ बिटचा आहे. एन२७० मध्ये तो नसतो, परंतु बाहेरून तसाच दिसणाऱ्या एन४५० च्या नेटबुकमध्ये असतो. तशा यंत्रासाठी हा सगळा खटाटोप करण्याची गरज नाही, त्यावर ६४ बिटचे डेबियन सरळ टाकता येते. ३२ बिटच्या यंत्रांची अडचण मात्र खरी आहे, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने आय३८६ साठी (म्हणजे ३२ बिटसाठी) कर्नल आणि इन्स्टॉलर देणे बंद केले. म्हणून डेबियन १२ चा ६.१ हाच सोर्स घ्या, पुढची मालिका घेऊ नका. फ्लॅग्जच्या त्याच ओळीत ‘पीएई’ (मेमरीच्या पत्त्यांच्या नोंदी मोठ्या ठेवण्याची सोय) आणि ‘एनएक्स’ हेही फ्लॅग दिसतील. त्यांचे काम आता येते.

तुमच्या यंत्राच्या दृष्टीने खरे महत्त्व मेमरीच्या पर्यायांना आहे. ३२ बिटच्या कर्नलला ४ जीबी पत्त्यांची जागा मिळते. नेहमीच्या वाटणीत त्यातील ३ जीबी प्रोग्रॅमला आणि १ जीबी कर्नलला जाते, आणि कर्नलच्या त्या वाट्यातून रॅमला थेट जोडता येते ती साधारण ८९६ एमबी. तुमच्या १ जीबीपैकी उरलेली शंभरेक एमबी ‘हाय मेमरी’त जाते. ती वापरण्यासाठी कर्नलला पाने तात्पुरती जोडावी आणि सोडावी लागतात, शिवाय फाइलींच्या नोंदींसारखी कर्नलची स्वतःची सामग्री तिथे ठेवताच येत नाही. धुऱ्यापलीकडे पडलेल्या वावराच्या तुकड्यासारखी तिची गत होते: मालकी आपली, पण तिथे जायचे तर दरवेळी फेरा.

यावर अनेक जण ‘मेमरी स्प्लिट’मधील ‘पूर्ण १ जीबी लो मेमरी’साठीचा पर्याय सुचवतात. तो चालतो, पण तो पीएईसोबत निवडता येत नाही, आणि पीएई नसेल तर एनएक्स संरक्षणही जाते, म्हणजे मेमरीतील डेटाच्या भागातून कोड चालवण्याला होणारी मनाई उठते. मुले ज्या यंत्रावर इंटरनेट उघडणार आहेत, त्यावर मला हा सौदा पटत नाही. त्याऐवजी ‘हाय मेमरी सपोर्ट’ बंद करा, पीएई चालू ठेवा आणि स्प्लिटमध्ये साधा २ जीबी–२ जीबी पर्याय घ्या. एका प्रोग्रॅमला २ जीबी पत्ते मिळतील, जे १ जीबी रॅमच्या यंत्रावर पुरेसे आहेत. सगळी रॅम कर्नलला थेट जोडली जाईल आणि एनएक्सही शाबूत राहील. स्प्लिटची यादी दिसत नसेल तर आधी ‘एक्स्पर्ट’ हा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर मेन्यू ती दाखवतच नाही.

एवढे करूनही १ जीबीत आजचा ब्राउझर सुखाने चालणार नाही. म्हणून झेडरॅम हे मॉड्यूल अवश्य ठेवा. ते रॅममध्येच दाबून साठवलेली स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर डेटा ठेवण्याची जागा) तयार करते आणि जुन्या डिस्कची खडखड बरीच कमी होते. जुन्या बाजारात २ जीबीची डीडीआर२ लॅपटॉप रॅम मिळाली तर ती आधी घ्या, कर्नल नंतर पाहा. या नेटबुकांत सहसा असणारा ९४५जीएसई चिपसेट २ जीबीपर्यंतच साथ देतो, त्याहून मोठी रॅम आणून पैसे वाया घालवू नका.

अनावश्यक ड्रायव्हर वगळले की कंपाइलचा वेळ मोठ्या प्रमाणात वाचतो. नेटबुकवर ‘एलएसमॉड’ या आज्ञेचे उत्तर (लोड असलेल्या मॉड्यूलची, म्हणजे ड्रायव्हरसारख्या सुट्या भागांची, यादी) एका फाइलमध्ये साठवा, तिथल्याच बूट फोल्डरमधील कॉन्फिग फाइल उचला, आणि या दोन्ही फाइली कंपाइलसाठीच्या डेस्कटॉपवर नेऊन ‘लोकलमॉडकॉन्फिग’ चालवा, ते यादीत नसलेले ड्रायव्हर वगळते. ‘एलएसमॉड’ या चलात त्या फाइलचा पत्ता द्यायचा असतो. इथे एक पथ्य आहे: जे मॉड्यूल त्या क्षणी लोड नसेल ते कायमचे गळते. म्हणून यादी घेण्यापूर्वी पेन ड्राइव्ह लावा, वाय-फाय जोडा, प्रोजेक्टर आणि प्रिंटर लावून पाहा, कॅमेरा उघडा, आणि झेडरॅम हाताने लोड करा. हायपरथ्रेडिंगमुळे एन२७० दोन प्रोसेसर दाखवतो, तेव्हा ‘एसएमपी’ (एकाहून अधिक प्रोसेसर वापरण्याची सोय) बंद करू नका.

कंपाइल नेटबुकवर मुळीच करू नका. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि वेचणीच्या हंगामात घरात कापूस भरलेला असला की पंख्याच्या जाळीवर रुईचा थर बसतो. अशा यंत्राला तासन्‌तास पूर्ण जोमाने चालवणे म्हणजे त्याचा जीव घेणे होय. कोणताही ६४ बिटचा डेस्कटॉप पुरतो. प्रत्येक मेक (कंपाइल चालवणाऱ्या) आज्ञेत ‘आर्च=आय३८६’ लिहावे (आर्च मोठ्या रोमन अक्षरांत), एकदा जरी ते विसरले तरी कॉन्फिग ६४ बिटची होऊन बसते. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये दोन बदल हमखास करावे लागतात: ‘सिस्टम ट्रस्टेड कीज’समोर प्रमाणपत्राच्या फाइलचे नाव असेल तर ते रिकामे करावे, नाहीतर ती फाइल सापडत नाही म्हणून काम अडते, आणि डीबग माहिती बंद करावी, कारण ती कित्येक जीबी डिस्क खाते. कॉन्फिग फाइल हाताने बदलली असेल तर ‘ओल्डडेफकॉन्फिग’ चालवून बदल टिकला का ते पुन्हा पाहा. ज्या पर्यायाच्या अटी पूर्ण होत नाहीत तो पर्याय काहीही न बोलता पूर्वपदावर जातो. मेन्यूकॉन्फिगमध्ये (पर्यायांच्या मेन्यूत) तिरकी रेघ दाबून नाव शोधले की त्या अटी दिसतात.

मधेच लाइन गेली तर घाबरू नका, मेक पुन्हा सुरू केल्यावर झालेले काम सोडून पुढे जाते. मात्र अचानक वीज गेल्याने एखादी ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची राहू शकते आणि शेवटी जोडणीच्या वेळी तिचा फॉरमॅट ओळखता येत नाही अशी तक्रार येते. तशा रिकाम्या फाइली शोधून पुसल्या की काम पुढे सरकते.

वेगासाठी स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधील सुरक्षा-त्रुटींविरुद्धचे उपाय काढून टाका, असाही सल्ला तुम्हाला मिळेल. या पिढीचा अ‍ॅटम पुढचा कोड अंदाजाने आधीच चालवून ठेवत नाही, म्हणून कर्नल त्याला ओळखून ते उपाय लावतच नाही. ‘/सिस’ फोल्डरमधील सीपीयूच्या व्हल्नरेबिलिटीजच्या यादीत ‘नॉट अफेक्टेड’ असे वाचता येईल. तिथे हात लावून काही मिळणार नाही.

शेवटी मेकच्या ‘बाइनडेब-पीकेजी’ने डेबियनचे पॅकेज तयार करा, ते एकाच नेटबुकवर टाका आणि ग्रबमध्ये (यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या यादीत) जुने कर्नल राहू द्या. नवे सुरू झाल्यावर डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेत) दोन ओळी शोधा: एनएक्स संरक्षण ‘अ‍ॅक्टिव्ह’ असल्याची, आणि ‘लोमेम’ किती उपलब्ध आहे हे सांगणारी. लोमेमचा आकडा ८९६ च्या आसपासच दिसला, तर स्प्लिटचा बदल कॉन्फिगमध्ये टिकलेला नाही असे समजावे. आकडा त्याहून वर गेला, वाय-फाय लागले, झाकण लावून उघडल्यावर यंत्र जागे झाले आणि प्रोजेक्टरवर चित्र आले, तर तेच पॅकेज बाकीच्या नेटबुकांवर डीपीकेजीने (पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेने) टाकायला हरकत नाही.