‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधून मुलांनी नेमकं काय घ्यायचं?

तुमचा प्रश्न असा: मुलीला इंग्रजीच्या प्रकल्पासाठी हार्पर ली यांची ही कादंबरी दिली आहे, ‘वर्णभेद आणि नैतिक धडा’ यावर लिहायचंय, आणि जिथे बघावं तिथे ‘दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघा’ एवढंच सापडतंय. याहून जास्त काही आहे का?

आहे. मी साहित्यातला माणूस नाही. वीस वर्षं फौजदारी वकिली करतोय, त्यामुळे हे पुस्तक हातात आलं की मी आधी खटल्याची पानं उघडतो. माझं उत्तरही तिथूनच येईल.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कादंबरी १९६० ची, गोष्ट १९३० च्या दशकातली. अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्य, तिथलं मेकम्ब नावाचं काल्पनिक गाव. टॉम रॉबिन्सन या काळ्या शेतमजुरावर मेयेला यूएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे. न्यायाधीश त्याचा बचाव करायला ॲटिकस फिंच या वकिलाला नेमतात, आपल्याकडे लीगल एडमधून नेमतात तसं. गोष्ट सांगते ॲटिकसची लहान मुलगी स्काउट.

आता उलटतपासणी बघा. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस प्रमुख, साक्षीला उभा आहे आणि ॲटिकस विचारतोय. डॉक्टरला बोलावलं होतं का? नाही. बलात्काराची केस, आणि वैद्यकीय पुरावा शून्य! मुलीचा कोणता डोळा सुजला होता? शेरीफ म्हणतो, डावा. तुमच्या समोरून बघताना डावा, की तिचा डावा? शेरीफ थबकतो आणि म्हणतो, म्हणजे तिचा उजवा. उजव्या बाजूला मार म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. मग ॲटिकस मुलीच्या बापाला पाकिटावर सही करायला लावतो, तो डाव्या हाताने करतो. आणि टॉमचा डावा हात? लहानपणी कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, सापडून निकामी झालेला. शपथ घेताना तो हात बायबलवर ठेवायला जातो तर घसरून टेबलावर आपटतो. गळ्याभोवती दोन्ही हातांची बोटं उमटलेली आहेत, आणि आरोपीला धड एकच हात.

ज्युनियरना उलटतपासणी शिकवताना मी ही पानं वाचायला देतो. पुरावा म्हणून केस इथेच संपली. तरी ज्युरी, म्हणजे निकाल द्यायला बसवलेले बारा सामान्य गोरे नागरिक, टॉमला दोषी ठरवतात.

का, ते सरकारी वकिलाच्या एका प्रश्नात आहे. तू त्या मुलीची कामं फुकट का करायचास? टॉम बोलून जातो: मला तिची कीव यायची. कोर्टात एकदम चुळबुळ होते. माझ्या मते कादंबरीतला सगळा वर्णभेद या एका उत्तरात आहे. गोऱ्यांनी काळ्यांची कीव करावी, त्याला धर्म म्हणतात. काळ्याने गोऱ्या मुलीची कीव केली म्हणजे तो क्षणभर तिच्यापेक्षा वरच्या पायरीवर उभा राहिला. त्या बारा जणांना त्याचा निकामी हात दिसत नाही, ती पायरी दिसते.

आणि मेयेला खरंच कीव यावी अशी आहे, हे लेखिकेने लपवलेलं नाही. गावाच्या उकिरड्याला लागून घर, दारुडा बाप, सात भावंडं. अंगणाच्या कोपऱ्यात फुटक्या भांड्यांत तिने जिरेनियमची झाडं जपलीत. त्या भावंडांना एकदा आइस्क्रीम खाता यावं म्हणून तिने वर्षभर नाणी साठवलीत. ॲटिकस तिला आदराने ‘मिस’ म्हणतो तर तिला वाटतं हा आपली थट्टा करतोय, कारण तोवर तिच्याशी असं कुणी बोललेलंच नाही. ती खोटं बोलते, त्यात एका निरपराध माणसाचा जीव जातो, आणि तरी तिचा पुरता राग येत नाही. मुलीला लिहायचंच असेल तर यावर लिहू दे.

दुसरी जागा: सरकारी वकील पंचविशीच्या, तीन लेकरांच्या बापाला सारखा ‘बॉय’ म्हणतो, तेव्हा स्काउटचा मित्र डिल रडायला लागतो आणि त्याला कोर्टाबाहेर न्यावं लागतं. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. नुसत्या अरे-तुरेने माणसाला त्याची ‘जागा’ कशी दाखवतात, ते आपण जन्मापासून ऐकत आलोय.

कुणी म्हणेल, ही झाली कादंबरी. तर १९३१ साली याच अलाबामात, स्कॉट्सबरो प्रकरणात, नऊ काळ्या पोरांवर मालगाडीत दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा आरोप झाला. सगळे गोरे ज्युरर. आठ जणांना मृत्युदंडाची शिक्षा झाली. १९३३ च्या फेरखटल्यात त्यातल्या एका मुलीने, रूबी बेट्सने, असं काही घडलंच नाही असं साक्षीत सांगितलं. तरी ज्युरीने दोषीच ठरवलं. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी तो निकाल रद्द केला आणि पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले, कारण तिथे न्यायाधीशही मतांवर निवडून येतात. ज्युरीचा निकाल न पटण्याचा प्रसंग आपल्याकडेही आला होता. नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, आणि मुंबईच्या सत्र न्यायाधीशांनी प्रकरण सरळ हायकोर्टाकडे पाठवलं. त्यांना मतं मागत फिरायचं नव्हतं. असो, विषयांतर झालं.

आता ॲटिकस. वकिलांमध्ये त्याचा फोटो लावायचा तेवढा राहिलाय. मलाही तो आवडतो, पण त्याची आरती ओवाळणारे निबंध वाचले की कंटाळा येतो. हाच माणूस पोरांना सांगतो की कू क्लक्स क्लान, म्हणजे काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची टोळी, ही तशी एक राजकीय संघटनाच होती. शेवटी बू रॅडली या घरकोंबड्या गोऱ्या शेजाऱ्याच्या हातून मेयेलाचा बाप मरतो, तेव्हा शेरीफ ठरवतो की तो स्वतःच्याच सुरीवर पडला, आणि ॲटिकस ते मान्य करतो. ना चौकशी, ना खटला. बूने त्या बापाच्या हल्ल्यातून ॲटिकसच्या मुलांचा जीव वाचवला, त्यामुळे वाचकालाही ते बरंच वाटतं. पण टॉमसाठी कायदा इंचभर वाकला नव्हता. तुरुंगातून पळताना त्याला १७ गोळ्या लागल्या. २०१५ साली लीबाईंचा आधीचा मसुदा पुस्तक म्हणून आला, त्यात ॲटिकस वर्णभेदाच्या समर्थकांच्या सभेत बसलेला पाहून बऱ्याच जणांना धक्का बसला. मला फारसा नाही बसला.

शीर्षकातल्या पक्ष्याबद्दलही माझी एक तक्रार आहे. मॉकिंगबर्ड नुसता गातो, कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याला मारणं पाप. पण टॉम पक्षी नाही. तो तापट, भांडकुदळ, कुणालाच न आवडणारा असता तरी त्या पुराव्यावर सुटायलाच हवा होता. मुलीने एवढं एक वाक्य प्रकल्पात लिहिलं तर बाई दचकतील, पण मार्क देतील.

‘दुसऱ्याच्या जागी उभं राहा’ हा ॲटिकसचा सल्ला खोटा नाही. पण पुस्तकात तो कुणाकुणाला लागू होतो, ते मोजायला लावा. स्काउट बूच्या ओसरीवर उभी राहून त्याच्या नजरेने सगळी गल्ली बघते. टॉमच्या ओसरीवर ती कधी उभी राहत नाही. ॲटिकसच्या घरी कामाला असलेली काळी बाई, कॅल्पुर्निया, पोरांना एकदा तिच्या चर्चमध्ये नेते. चर्चमध्ये वाचता येणारे मोजून चार जण, म्हणून एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे ती गातात. तिथे कळतं की या बाईची भाषा इथे निराळी आणि ॲटिकसच्या घरी निराळी. दार तेवढंच उघडतं आणि मिटतं.

म्हणून शेवटाकडचं एक पान मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. टॉमची बायको हेलन. नवरा गेल्यावर ती टॉमचेच मालक लिंक डीस यांच्याकडे कामाला जाते. रस्ता यूएलांच्या घरासमोरून जातो आणि ते लोक तिला दगड मारतात, म्हणून ती रोज मैलभर वळसा घालून जाते. कुणाला काही सांगत नाही. मालकाला ते कळतं, तेही खोदून खोदून विचारल्यावर.